पौषातला अपक्ष

पौष लागला की आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, आधी वास येतो. कुणाच्या गच्चीवर सिगडी पेटलेली असते, कुणाच्या कढईत तीळ तडतडत असतात, आणि ज्याच्या ओसरीवर गावाकडून नव्या धानाची पोती येऊन पडलीत त्याच्या दारावरून जाताना नाकात एक उबदार भुसा शिरतो. थंडी म्हणाल तर यंदाची काहीच नाही. मी निवडणुकीला उभा राहिलो होतो त्या साली अशी पडली होती की चहा कपातून ओतला आणि बशीपर्यंत पोचेस्तोवर त्याची कुल्फी झाली. सुमन, म्हणजे आमच्या घरचं खरं सरकार, म्हणते, "कुल्फी नाही, साय धरली होती." साय तर साय. पण थंडी होती.

यंदाही वास आला, आणि वासापाठोपाठ दारात रेवती आली. ही आमच्या मराठी मंडळातली पोट्टी. तेलीबांध्याला राहते, रोज नवा रायपूरला ऑफिसात जाते, मराठी सगळी समजते आणि उत्तर हिंदीत देते. लहानपणी आमच्या बालनाट्यात ती झाड झाली होती. हात वर करून अख्खा प्रवेश उभी राहिली, एक फांदी हलली नाही. एक खरा पोपट येऊन तिच्या डोक्यावर बसला होता, असं मी सांगतो. निदान चिमणी तरी नक्की होती.

तिच्या एका हातात तिळगुळाचा डबा, दुसऱ्या हातात हेल्मेट.

"काका, मैं अध्यक्षपद के लिए खड़ी हो रही हूँ. अपक्ष. आप भी खड़े थे ना एक बार? बताओ ना, अपक्ष का चान्स कितना रहता है?"

मी खुर्ची ओढली. सुमननं स्वयंपाकघरातूनच आवाज दिला, "बेटा, बैठ जाओ आराम से. आता हे भोसल्यांच्या फौजेपासून सुरू करतील."

तिथूनच सुरू करायला हवं. माझे खापरपणजोबा त्या फौजेबरोबर हत्तीवर बसून छत्तीसगडात आले. हत्तीमागून चालत आले असा सुमनचा दावा आहे. कसेही आले असोत, त्यांच्यासारख्या चार घरांनी पुढे इथे रायपूरला मराठी मंडळ काढलं, आणि मंडळ निघालं त्याच दिवशी त्यात दोन पॅनल झाले. एक समई, एक तोरण. तेव्हापासून आमच्यात मूल जन्मलं की आधी ते समईचं की तोरणाचं हे ठरतं, मग बारसं होतं. लग्न जमवताना पत्रिका नाही जुळली तरी चालते, पॅनल जुळावा लागतो. यात फुगवाफुगवी फार नाही.

जुनी माणसं मात्र धोरणी. मंडळ फुटू नये म्हणून त्यांनी दोन रीती घालून दिल्या. पहिली, अध्यक्षाची निवडणूक संक्रांत आणि रथसप्तमीच्या मधल्या रविवारीच घ्यायची. घरोघरी तिळगूळ चाललेला, बायकांचं हळदीकुंकू चाललेलं, त्या दिवसांत कोणी कोणाला वाकडं बोलणार नाही असा हिशेब. दुसरी, निकालानंतर तिथेच पंगत बसवायची आणि हरलेल्या उमेदवारानं स्वतःच्या हातानं सगळ्यांना गोळ्याची कढी वाढायची. वाढता वाढता त्याचा राग उतरतो, खाता खाता इतरांचा. आमच्याकडे म्हणून कोणी पडला असं म्हणत नाहीत. "यंदा कढी कोणाच्या हातची?" असं विचारतात.

दोन्ही रीती किती सुंदर वाटतात ऐकायला. पहिलीत काय खोट आहे ते कळायला मला उभं राहावं लागलं. पंधरवडाभर कोणी वाकडं बोलायचं नाही, म्हणजे पंधरवडाभर कोणी 'नाही' म्हणायचं नाही. आणि जिथे 'नाही' म्हणायची सोय नाही तिथे 'हो'ला कितीसा अर्थ उरतो?

माझं उभं राहणं स्टेजपायी झालं.

मंडळाच्या हॉलला तेव्हा स्टेज होता. सालवृक्षाच्या लाकडी फळ्यांचा, जंगलातून बैलगाडीनं आणलेल्या. त्या फळ्यांना तेल पाजलेलं, वर्षानुवर्षांच्या पायांनी गुळगुळीत झालेल्या. पडद्याला कापूर, धूळ आणि गोंद लावलेल्या दाढ्यांचा मिळून एक वास यायचा. डावीकडून तिसरी फळी पोकळ होती. तिच्यावर पाय पडला की ती अशी गुरगुरायची की पहिल्या रांगेतली पोरं आईच्या कुशीत शिरायची. मी त्या फळीवर राजा झालो, भिकारी झालो, एकदा नटी तापानं फणफणली म्हणून मिशा लपवून राणीही झालो. माझा आवाज असा की मी 'कोण आहे रे तिकडे' म्हटलं की भनपुरीच्या ट्रक अड्ड्यावर ड्रायव्हर ब्रेक दाबायचे. आणि समोर नेहमी मनोहर. मी राजा तर तो प्रधान, मी बाप तर तो मुलगा, मी खुनी तर तो फौजदार. मी वाक्य विसरलो की तो स्वतःच्या वाक्यात माझं वाक्य असं गुंफून द्यायचा की प्रेक्षकांना पत्ता लागायचा नाही. माणसाचा हात हातात घेऊन विश्वास बसतो म्हणतात. माझा विश्वास त्याच्या ओठांवर होता. तिकडे बघितलं की माझं पुढचं वाक्य तिथे असायचंच.

त्या साली समईवाले डॉक्टर उभे होते. समता कॉलोनीत त्यांचा दवाखाना, हातगुण चांगला, बोलणं गार. त्यांना स्टेज तोडून लग्नाचा एसी हॉल करायचा होता. समोर तोरणाकडून गजाभाऊ. भनपुरीला त्यांच्या गाड्या, आवाज हॉर्नसारखा, मन कसं ते कोणालाच नीट माहीत नाही. तेही सगळीकडे म्हणत होते, "जमाना बदलला गा, हॉल करा लागते." म्हणजे कोणीही आला तरी फळ्या उखडणार होत्या.

मनोहर घरी आला. ओसरीवर धान पडलेलं, त्यातच फतकल मारून बसला. मूठभर धान घेऊन या हातातून त्या हातात ओतत म्हणाला, "तू उभा राय."

"मी? कोणाकडून बे?"

"कोणाकडूनच नाही. अपक्ष. समई नाही, तोरण नाही. स्टेज! अर्धे लोकं दोघांयले कंटाळले आहेत. तुह्यावाल्या नाटकांत टाळ्या वाजवणारे हात मोज ना लेका. तेवढे हात जरी पेटीपाशी आले तरी दोघायची जमानत जप्त."

"सूचक कोण?"

"मी आहो ना. मी काहून नाही?"

सुमन दाराशी उभी राहून ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "कढी वाढायचा सराव करून ठेवा. हात हलते तुमचा."

आता तुम्हाला वाटेल की अपक्षाला कोणी विचारत नाही. चूक. अपक्षाइतकं लाडाचं माणूस निवडणुकीत दुसरं नसतं. मी उभा राहिलो आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांच्या माणसानं माझ्या पत्रकांचा गठ्ठा आणून दिला, छापून, फुकट! "लोकशाही आहे भाऊ, सगळ्यायचा आवाज पोचला पाहिजे." तिसऱ्या दिवशी मंडळाच्या ग्रुपवर माझ्या जुन्या नाटकांचे फोटो फिरायला लागले. रस्त्यात डॉक्टर भेटले तर गाडी थांबवून खाली उतरले, हात हातात घेतला, नाडीही बघितली असावी. म्हणाले, "आपल्यासारखी माणसं हवीत." मी घरी येऊन सुमनला सांगितलं, विरोधकसुद्धा माझ्या प्रेमात पडलेत. ती तीळ पाखडत होती. म्हणाली, "बकऱ्याले हार कोण घालते, माहीत आहे ना?" मी म्हटलं, तुला राजकारण समजत नाही.

मग फिरलो. माझी स्कूटर एवढी फिरली की शेवटी शेवटी मराठी आडनावाची पाटी दिसली की ती आपणहून वळायची. सकाळी तळ्यावर धुकं असायचं, बदकं नुसत्या आवाजावरून कळायची. उन्हं वर आली की अंगणाअंगणात लोक पाठी शेकत बसलेले, समोर बोरं, मांडीवर नातवंडं. मागच्या सीटवर मनोहर. दार उघडलं की तोच आधी बोलायचा, मी नुसता राजासारखा हसायचो. बाई वाटीत तिळगूळ आणायची, हातावर ठेवायची, आणि म्हणायची, "हव भाऊ, तुम्हालाच. स्टेज गेला तर मंडळात राहिलं काय?"

त्यातच छेरछेरा आला. पौषी पुनवेला इथली पोरं झोळ्या घेऊन दारोदार फिरतात, नव्या धानातलं मूठभर मागतात, आणि त्या दिवशी कोणीही कोणाला रिकाम्या हातानं परत पाठवत नाही. एका दारी आम्ही आणि ती पोरं एकदमच पोचलो. घरधन्यानं पोरांच्या झोळीत धान टाकलं आणि माझ्या झोळीत 'हव', म्हणजे नुसतं 'हो'. आम्ही दोघेही खूश होऊन निघालो. पोरांनी संध्याकाळी त्या धानाचं काहीतरी केलं असेल. माझ्या हवांचं पीठसुद्धा होणार नव्हतं, हे मला तेव्हा कुठे ठाऊक! माझ्या हिशेबानं मंडळात आहेत त्याच्या दुप्पट माणसं मला मत देणार होती.

अपक्षाची हीच गंमत आहे. दोन खांबांच्या मधे त्याचा पाळणा बांधलेला असतो. झोका देणारे दोघेही असतात आणि त्याला वाटतं आपण उडतो आहोत.

मतदानाच्या रविवारी लोक नटूनथटून आले. बायकांच्या काळ्या साड्या, पुरुषांचे कडक स्वेटर, पोरांच्या अंगावर हलव्याचे दागिने. पेटी स्टेजवरच ठेवली होती, तिसऱ्या फळीशेजारी. प्रत्येक मताला ती फळी गुरगुरत होती आणि मी खाली उभा राहून प्रत्येक गुरगुर आपली समजत होतो. येणारा प्रत्येक माणूस माझ्याकडे बघून डोळा मिचकावून जात होता. इतके डोळे मिचकावले गेले की मला वाटलं गावात डोळ्यांची साथ आली.

निकाल लागला. डॉक्टर निवडून आले. गजाभाऊ अगदी थोडक्यात हरले. आणि माझी मतं दोन हातांच्या बोटांत मावली, वर अंगठे रिकामे राहिले.

इथून पुढचं मी वाढवून सांगत नाही. वाढवावंसं वाटत नाही.

पंगत बसली. प्रश्न असा आला की आजवर हरणारा एकच असायचा, यंदा दोन. बादली एक. जुनी रीत घालणाऱ्यांच्या डोक्यात तिसरा माणूस कधी आलाच नव्हता. शेवटी कोणीतरी म्हणालं, दोघं मिळून धरा. मग एका बाजूनं गजाभाऊंनी कडी धरली, एका बाजूनं मी, आणि डाव माझ्या हातात आला, कारण गजाभाऊंचा दुसरा हात गुडघ्यावर होता, गुडघे गेलेले. पत्रावळींच्या रांगेतून आम्ही निघालो, तीन पायांच्या शर्यतीत असावं तसे. कढी उकळती, हळद-हिंग-कढीपत्त्याची वाफ तोंडावर येत होती, गोळे बादलीत डुचमळत होते.

मान खाली घालून जेवणारी माणसं वरून कशी दिसतात ते वाढणाऱ्यालाच कळतं. ज्यांनी अंगणात हातावर तिळगूळ ठेवला होता ते सगळे आज भातात आळं करण्यात गढून गेले होते. एवढं खोल आळं कोणी कढीसाठी करत नाही. मी म्हणायचो, "घ्या ना, गोळा घ्या." ते पत्रावळीकडे बघूनच म्हणायचे, "बस भाऊ, बस." एका बाईनं मात्र वर बघितलं, "अजून वाढा," म्हणाली, आणि मला कळलं की हे माझ्या बोटांतलं एक बोट आहे.

रांग वळली तिथे गजाभाऊ दम घ्यायला थांबले आणि हळू आवाजात, त्यांना जमेल तेवढ्या हळू आवाजात, म्हणाले, "एक विचारू का? तुम्ही काहून नाही बसले?"

"बसलो नाही म्हणजे?"

"म्हणजे माघार हो. मी निरोप देला होता ना. स्टेज ठेवतो म्हणलं, फळीले हात नाही लावत. तुम्ही बसून जा अन् तुमची माणसं माह्याकडे वळवा, बस. लहानपणी मी बी त्या स्टेजवर भाला घेऊन उभा राह्यलेलो आहो. बाहेर बोलता येत नव्हतं, पॅनलमध्ये बोंबाबोंब झाली असती. पण तुम्हाले निरोप पाठवला."

"कोणाजवळ?"

त्यांनी बादलीची कडी न सोडता हनुवटीनं दाखवलं. पुढच्या रांगेत, डॉक्टरांच्या शेजारच्या पत्रावळीवर, मनोहर बसला होता.

"मनोहर म्हणला, विचारून सांगतो. मग म्हणला, तो ऐकत नाही. त्याले अध्यक्षच व्हायचं आहे."

मी आकडा मनात पुन्हा लावून बघितला. गजाभाऊ जेवढ्यानं हरले होते ते माझ्या आठ बोटांत बसत होतं. बसून काही उरतही होतं. माझ्यापुढे पत्रकांचा गठ्ठा आला, ग्रुपवरचे फोटो आले, डॉक्टरांनी हातात घेतलेला हात आला. मागच्या सीटवरचा मनोहर आला, जो माझ्या आधी बोलायचा. जन्मभर त्यानं मला माझं वाक्य दिलं होतं. आणि त्या स्टेजच्या आयुष्याचं एक वाक्य त्याच्याजवळ होतं, ते तेवढं त्यानं गिळलं.

आम्ही चालत राहिलो. पंगतीत पान वगळता येत नाही. त्याच्यापुढे पोचलो तेव्हा त्यानं आळं आधीच करून ठेवलं होतं. मी डाव भरून कढी ओतली. तो 'बस' म्हणाला नाही. मी दुसरा ओतला. त्यानं हात आडवा धरला नाही. तिसरा, चौथा. कढी भातावरून भाजीत गेली, भाजीतून पत्रावळीच्या काठावर, काठावरून चटईवर आणि त्याच्या नव्या पँटवर. वाफ निघत होती. तो माझ्याकडे बघत होता, मी त्याच्या ओठांकडे. तिथे काहीच नव्हतं.

"अहो, पुरे करा," डॉक्टरच म्हणाले.

हात धुवायच्या नळावर तो भेटला. पँट झटकत होता. म्हणाला, "रागावला काय बे? अरे, तुले उभं राहायची हौस, डॉक्टरले गजाभाऊची मतं कापायची गरज. मी दोघायचं काम केलं. कोणाचं वाईट केलं सांग? अन् गप्पा ठोकायले तुले जन्माची गोष्ट भेटली." त्याला खरंच तसं वाटत होतं. तेच तर. खोटं बोलत असता तर मी ओळखलं असतं, आम्ही एकत्र किती खोटं बोललो होतो त्या फळ्यांवर.

महिन्याभरात तो सचिव झाला आणि होळीच्या आधी स्टेज उखडला.

आता तिथे एसी हॉल आहे. पंगत बसत नाही, बुफे असतो. हरलेल्यानं कढी वाढायची रीत गेली. आता जिंकणारा आणि हरणारा दोघेही ताटली घेऊन एकाच रांगेत उभे राहतात आणि कोणी कोणाच्या डोळ्यांत बघत नाही. त्या साल फळ्यांचे काउंटर केले आहेत, वर पांढरी चादर. मागे एका लग्नात मी गुलाबजाम घ्यायला वाकलो, काउंटरवर हात टेकला, आणि खालून ती गुरगुरली. सुमन म्हणते, ते तुमचं पोट होतं. असेल. पण माझं पोट डावीकडून तिसरं नाही.

दर संक्रांतीला मनोहर तिळगूळ घेऊन येतो. मी घेतो. त्या दिवसांत वाकडं बोलायचं नाही ना.

तर हे सगळं मी रेवतीला सांगितलं. हत्ती सोडला, कुल्फी सोडली, माझा आवाज सोडला. आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट जशी घडली तशी, मीठ न टाकता. सांगता सांगता तीळ भाजायचा वास थांबला होता. सुमन गॅस बंद करून दाराशी येऊन उभी होती, आणि तिनं मधे एकदाही माझं वाक्य दुरुस्त केलं नाही.

रेवती मन लावून ऐकत होती. पँटवर कढी सांडली तिथे मात्र ती फिसकन हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "काका, आप भी ना! क्या बनाते हो."

"बनवत नाही बेटा."

"मनोहर काका ने पहले ही बोला था. आपके पास मत जाना, बोले. वो बहुत प्यारा आदमी है, पर सच कभी बोलता नहीं. घंटाभर किस्से सुनाएगा और तू डर जाएगी."

सुमननं पदरानं उगाच हात पुसले. मी विचारलं, "तुला कशासाठी उभं राहायचं आहे?"

"स्टेज," ती म्हणाली. पहिल्यांदाच मराठीत म्हणाली. "हॉलच्या कोपऱ्यात छोटा का होईना, पुन्हा बांधायचा. मी तिथे झाड झाले होते ना, काका."

"सूचक कोण?"

तिनं हेल्मेट चढवता चढवता सांगितलं. सांगायची गरज नव्हती. पत्रकं छापून तयार आहेत, म्हणाली, फुकट. ग्रुपवर तिचे लहानपणीचे फोटो फिरायला लागलेत, झाडाचा वेश घातलेले. दोन्ही पॅनलची माणसं इतकी चांगली बोलतात तिच्याशी की विश्वास बसत नाही.

मी फाटकापर्यंत गेलो. समोरच्या गच्चीवर सिगडीचा धूर सरळ वर चालला होता. तिनं गाडी सुरू केली. मी हँडलवर हात ठेवला.

"चान्स विचारलास ना? एकच गोष्ट कर. दोन्ही उमेदवारांच्या घरी तू स्वतः जा. एकटी. काय निरोप असेल तो समोर बसून द्या म्हणावं, मधे कोणी नको. जाशील?"

ती हसली. सगळ्या अंगणांतून, सगळ्या वाट्यांसकट मी ते हसू ओळखत होतो. तिनं माझ्या हातावर तिळगूळ ठेवला.

"हव, काका," ती म्हणाली. "हव."